सासूबाई रोज म्हणतात 'प्रभू, मला ने'. त्यांना काय उत्तर द्यावं?

मलप्रभाकाठची
जय ख्रिस्त मंडळी. वाचतेय बरेच दिवस, लिहितेय पहिल्यांदाच.

आम्ही खानापूर तालुक्यातले. सासूबाईंना तीन वर्षांपूर्वी लकवा मारला, उजवी बाजू गेली. बोलणं बरंचसं परत आलं, उठणं नाही. अंग पुसणं, डायपर, मऊ भात भरवणं, औषधं, दर दोन तासांनी कूस बदलणं, सगळं माझ्याकडे. नवरा बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात पाळीला जातो, मुलगा दहावीला. शेत यंदा वाट्याने दिलं.

रोज रात्री घरात प्रार्थना होते. आम्ही सगळे आमेन म्हटलो की सासूबाई हळूच एक वाक्य जोडतात, 'प्रभू, मला ने.' आधी मी म्हणायचे, आई, असं बोलू नका. आता म्हणत नाही. कारण गेल्या महिन्यात रात्री दोन वाजता चादर बदलताना माझ्याच तोंडून निघालं, 'मलाही.'

लहानपणापासून ऐकत आलो की आपलं खरं घर वर आहे, इथं आपण प्रवासी. मग घराची ओढ लागली तर ती विश्वासाची खूण, की हातातलं काम टाकून पळण्याची इच्छा? आणि सासूबाईंना रोज काय उत्तर द्यावं? पाळकसाहेबांना विचारायचा धीर होत नाही. ते चांगले आहेत, पण पुढच्या रविवारी उपदेशात माझाच दाखला यायचा.

वाटसरू
फिलिप्पै १, वचन २१ ते २४ वाचा ताई. प्रेषित पौल तुरुंगातून लिहितो की मी पेचात आहे. इथून सुटून ख्रिस्ताजवळ जावं हे कितीतरी चांगलं, पण तुमच्यासाठी देहात राहणं जास्त गरजेचं. तुमचाच पेच आहे हा.

भट्टीवाला
पोरी, मी उद्यमबागेत एकतीस वर्षं फौंड्रीत काढली. आता घरी असतो.

वाटसरूंनी बरोबर जागा दाखवली, पण एक सांगायचं राहिलं. पौल पेचात पडला तरी त्याचा हात थांबला नव्हता. प्रेषितांची कृत्ये १८ मध्ये आहे की करिंथात तो तंबू करायचा. आणि थेस्सलनीकाची मंडळी? प्रभू येणार म्हणून तिथल्या काही जणांनी कामं सोडली होती, रिकामे हिंडत होते. त्यांना त्याने काय सुनावलं ते दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे, ज्याला काम नको त्याने खाऊही नये. तू काम करतेस. रात्री दोनला करतेस. तुला पळपुटी कोण म्हणेल?

आमच्या भट्टीवर उन्हाळ्यात दुपारची पाळी असायची. वितळलेल्या धातूचा रस ओतताना तोंडाची कातडी ताणायची. मी सारखं घड्याळ बघायचो. घराची ओढ होती म्हणून कोणी मला कामचुकार म्हटलं नाही. साचा सोडून मध्येच गेलो असतो तर म्हटलं असतं.

चिकोडीचा पोरगा
काकांचा मान राखून जरा वेगळं बोलतो. ताईंबद्दल नाही, मंडळीबद्दल, म्हणजे आपल्या चर्चबद्दल.

आमच्यात स्वर्गाचं बोलणं फार आणि गटाराचं कमी. लहानपणापासून प्रत्येक उपदेश वर जाण्याबद्दल. आमच्या वस्तीत पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं, त्याचा अर्ज घेऊन पंचायतीत जायला मंडळीतली दोन माणसं मिळत नाहीत. 'हे जग नाश पावणारं आहे' म्हणतात. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा एकदमच चढल्या. गुडघाभर पाण्यातून गुरं सोडवायला, म्हातारी माणसं उचलून आणायला आम्ही तरुण संघाची पोरं होतो, तालमीतली पोरं होती, मशिदीतली होती. आणि त्या आठवड्यात एक वडीलमाणूस मला म्हणाला, बाळा, ही शेवटच्या काळाची चिन्हं आहेत, प्रार्थना कर. मी म्हटलं, काका, आधी हे तांदळाचं पोतं धरा.

प्रभू वर गेल्यावर शिष्य मान वर करून उभे राहिले, तेव्हा देवदूतांनी काय विचारलं? गालीलकरांनो, आकाशाकडे का बघत उभे आहात?

वाटसरू
पण त्यानंतर ते शिष्य आधी माडीवरच्या खोलीत जाऊन प्रार्थनाच करत बसले, दहा दिवस. पोतं नंतर उचललं.

चिकोडीचा पोरगा
ते मान्य. पण उचललं.

दुसरी पाळी
मी नर्स आहे, बेळगावात. तुमच्या वादात ताईंचं 'रात्री दोन वाजता' हरवायला नको.

ताई, सरळ विचारते. 'मलाही' हे निघालं तेव्हा प्रभूची ओढ होती की फक्त झोप हवी होती? दोन्ही असू शकतं, पण उपाय वेगळा. तीन वर्षं दर दोन तासांनी उठणारं माणूस मेल्यासारखं थकतं, आणि तो थकवा कधी कधी भक्तीच्या भाषेत बोलतो. आमच्या वॉर्डात अशा सुना, मुली, बायका रोज दिसतात. पेशंटचा रक्तदाब सगळे विचारतात, त्यांचा कोणी विचारत नाही.

एलीया संदेष्टा आठवतो? पहिले राजे, अध्याय १९. झुडपाखाली बसून म्हणाला, आता पुरे, माझा जीव घे. देवाने त्याला रागावलं नाही, वचन ऐकवलं नाही. देवदूताने उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई दिली. तो जेवला आणि पुन्हा झोपला. देवदूताने दुसऱ्यांदा उठवून पुन्हा जेवू घातलं. बोलणं त्यानंतर, पुष्कळ दिवसांनी, डोंगरावर झालं.

म्हणून आधी भाकर आणि झोप. हवेची गादी घेतली नसेल तर घ्या. भाड्यानेही मिळते. तिच्यामुळे कूस बदलणं बंद होत नाही, पण पाठीला जखम व्हायची भीती कमी होते. रात्रीची एक पाळी नवऱ्याने घ्यायची, आठवड्यात निदान दोनदा. आणि जीव नकोसा होण्याचा विचार पुन्हा पुन्हा येत असेल, तर १४४१६ वर फोन करा. टेलि-मानस, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत. प्रार्थनेत सांगतो तसं तिथंही सांगायचं. त्यात विश्वास कमी पडत नाही.

भट्टीवाला
बाई, हे मला सुचलं नाही. बरं केलंस लिहिलंस.

मलप्रभाकाठची
दुसरी पाळी, तुमचं वाचून रडले. झोपच हवी होती बहुतेक. पण सगळी झोप नव्हे. बाबा गेल्यापासून कधी कधी खरंच वाटतं की पलीकडे सगळं नीट असेल, बाबा अंगणात चहा पीत असतील. तसं वाटलं की दुःख होत नाही, हलकं वाटतं. त्या रात्रीचं वेगळं होतं. आता फरक कळला.

जीव द्यावा असं मनात नाही. पण नंबर लिहून ठेवला.

निपाणीकर
धाग्याचं नाव बघून आलो, एक वेगळाच मुद्दा मांडतो.

'आपले नागरिकत्व स्वर्गात आहे' हे वचन फिलिप्पैकरांनाच का लिहिलं? फिलिप्पै मासेदोनियात, पण रोमी वसाहत. लढाया संपल्यावर जुने शिपाई तिथं वसवले होते. राहायचं मासेदोनियात आणि हक्क, कायदा, दिमाख रोमचा. त्यांना नागरिकत्व म्हणजे काय ते चांगलंच ठाऊक होतं. पौल त्यांना म्हणतो, तुमची नोंद आणखी वरच्या नगरात आहे. इथं राहून तिथल्या रीतीने वागा.

आता आपल्याकडे बघा. घरात मराठी, जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, एसटी कोल्हापूरची, रेशन कर्नाटकाचं. १९५६ पासून तिसरी पिढी महाराष्ट्रात जायची वाट बघतेय. राहतो एकीकडे आणि मन दुसरीकडे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. हे वचन निपाणीत जसं कळतं तसं पुण्यात कळत नसेल.

चिकोडीचा पोरगा
निपाणीकर, काळजी घ्या हं. आता इथं सीमावादाचा महाजन अहवाल निघणार.

निपाणीकर
नाही काढत. माझं म्हणणं उलट आहे. वाट बघता बघता आपण इथलं जगणंच तात्पुरतं मानायला लागलो. माझ्या वडिलांनी घराला गिलावा केला नाही, 'आधी निकाल लागू दे' म्हणून. घर तसंच उघड्या विटांचं राहिलं आणि वडील गेले.

कौलारू
माझी आई कन्नड, बाबा मराठी. मंडळीत दोन उपासना होतात, आठला कन्नड, दहाला मराठी. नाताळला एकत्र. आई 'परलोकदल्लिरुव नम्म तंदेये' म्हणते आणि बाबा 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'. लहानपणी मला वाटायचं दोन वेगळे देव आहेत आणि त्यांचं आपसात पटतं.

निपाणीकर, तुमच्या वडिलांचं वाचून यिर्मया २८-२९ आठवला. लोक बाबेलला धरून नेलेले. हनन्या नावाचा एक संदेष्टा म्हणत होता, दोन वर्षांत परत जाऊ. सगळ्यांना तेच ऐकायचं होतं. यिर्मयाने पत्र पाठवलं, सत्तर वर्षं लागतील. घरं बांधा, मळे लावा, पोरांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. परत नेईन हे वचन देवाने मागे घेतलं नाही. पण मळा लावायला सांगितलं.

निपाणीकर
हे मला वडील असताना कोणी सांगायला हवं होतं.

माउंट कार्मेल
मी कॅथलिक, घरात कोंकणी-मराठी मिसळलेली. आमच्याकडे हा प्रश्न वर्षातून एकदा अंगावर येतोच. १ नोव्हेंबर सर्व संतांचा सण, २ नोव्हेंबर सर्व मृतांचा दिवस. १ तारखेला बेळगावात कुठं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, कुठं मराठी लोकांच्या काळ्या दिवसाची फेरी, रस्ते बंद, आणि आम्ही फुलांच्या पिशव्या घेऊन गल्ल्यागल्ल्यांतून वाट काढत मिस्साला. दुसऱ्या दिवशी दफनभूमीत. गवत उपटायचं, क्रूस पुसायचा, चुना लावायचा, मेणबत्ती लावायची. पोरं कबरीवरच बसून केळी खातात, कोणी ओरडत नाही.

ताई, माझी आज्जी पण रोज म्हणायची, देवा, ने. आम्ही सगळे तिला गप्प करायचो. फादर एकदा प्रभुभोजन द्यायला घरी आले, त्यांनी गप्प केलं नाही. खुर्ची ओढून विचारलं, 'आज्जी, तिकडे गेल्यावर पहिल्यांदा कोणाला भेटणार?' आज्जी अर्धा तास बोलली. आम्हाला न सांगितलेलं कितीतरी. त्यानंतर तिचं 'ने' थांबलं नाही, पण त्यातला कण्हणारा सूर गेला. तुम्ही पण विचारून बघा.

वाटसरू
सुंदर. फक्त मृतांसाठी प्रार्थना आणि शुद्धिस्थान हे शास्त्रात कुठं

भट्टीवाला
वाटसरू, त्याच्यासाठी वेगळा धागा काढ, मी येतो भांडायला. इथं पोरीची सासू आजारी आहे.

वाटसरू
चुकलं. क्षमा असावी.

वडगावचा माग
मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला, पण धागा वाचत होतो. बोललं तर चालेल ना?

आमच्याकडे संतांनी उलटाच हट्ट धरला. मोक्ष नको म्हणाले, पुन्हा जन्म दे, पण नामस्मरण आणि संतांची संगत दे. माझे आजोबा मागावर बसून हेच म्हणायचे. साडी विणताना म्हणायचे, विठोबाला पंढरीत भेटतो तसाच इथं धोट्यात भेटतो. तुमच्यात स्वर्ग म्हणजे इथून सुटका असं आहे का? की इथलंही काही तिथं जातं?

कौलारू
प्रश्न खोल आहे. मला कळतं तसं सांगतो.

आपण सगळे 'वर जाणार' म्हणतो, पण प्रकटीकरणाच्या २१ व्या अध्यायात नगर खाली येतं. नवीन आकाश आणि नवीन पृथ्वी, देवाची वस्ती माणसांजवळ. रोजच्या प्रार्थनेतही आपण 'आम्हाला वर ने' म्हणत नाही, 'जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही' म्हणतो. करिंथकरांच्या पहिल्या पत्रातला १५ वा अध्याय बघा. एवढा मोठा अध्याय, सगळा पुनरुत्थानाचा, कर्णा वाजेल, मेलेले उठतील. आणि शेवटचं वचन काय? म्हणून स्थिर राहा, काम करत राहा, तुमचे श्रम प्रभूमध्ये व्यर्थ नाहीत. एवढं उंच नेऊन त्याने पुन्हा कामावर आणून सोडलं. मला त्यातला 'म्हणून' फार आवडतो. स्वर्ग आहे, म्हणून श्रम वाया नाहीत. चादर बदलण्याचे पण.

तेव्हा माग दादा, सुटका नाही. तुमच्या आजोबांची साडी पण कुठं तरी जात असेल असं मला मनापासून वाटतं.

वडगावचा माग
हे आजोबांना सांगायला हवं होतं. खूश झाले असते.

खाऊगल्ली
गंभीर धाग्यात एक प्रश्न. नवीन पृथ्वीवर बेळगावचा कुंदा असेल का?

माउंट कार्मेल
प्रकटीकरण २२ मध्ये जीवनाचं झाड आहे, दर महिन्याला फळ, वर्षाला बारा. कुंद्याचा उल्लेख नाही. पण दूध आटवायला वेळ लागतो, आणि तिथं वेळच वेळ.

खाऊगल्ली
मग मांडे पण होतील. जीव भांड्यात पडला.

शब्बाथशाळा
मी उशिरा आले. पंडिता रमाबाईंचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, कारण या प्रश्नावर मला त्यांच्याइतका आधार कोणी दिला नाही.

आईवडील आणि बहीण दुष्काळात गेले. लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला. स्वर्गात त्यांची माणसं इथल्यापेक्षा जास्त होती. तिकडे बघत बसल्या असत्या तर कोणी बोट दाखवलं नसतं. त्यांनी काय केलं? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली, विधवा गोळा करून आणल्या. केडगावला विहिरी खोदल्या, शेती केली, छापखाना चालवला, तिथं मुलीच छपाईचे, अक्षरांचे खिळे जुळवायच्या. साधी माणसं वाचतील अशा मराठीत बायबलाचं भाषांतर मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून एकटीने करायला घेतलं. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. केडगावचं हे काम, मुक्ती मिशन, तिच्या हाती द्यायचं ठरलं होतं. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या, कानांनी ऐकू येत नव्हतं. भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही, पुरं केलं, आणि ५ एप्रिल १९२२ ला गेल्या.

मी शब्बाथशाळेत हे शिकवते तेव्हा मुलं विचारतात, त्यांना मनोरमाकडे जावंसं वाटलं नसेल का? मी सांगते, वाटलं असेल, खूप वाटलं असेल. आणि सकाळी उठून पुन्हा कागद पुढे ओढला असेल.

चिकोडीच्या पोरा, तुझा राग मला पटतो. पण रमाबाईंच्या विहिरी बघ. स्वर्गावर एवढा भरवसा ठेवणाऱ्या बाईनेच त्या खोदल्या.

चिकोडीचा पोरगा
शब्बाथशाळा ताई, हे कबूल. माझा राग स्वर्गावर नाही, स्वर्गाची सबब सांगणाऱ्यांवर आहे. नळाच्या अर्जावर परवा सहा सह्या मिळाल्या, त्यातली एक त्याच 'शेवटच्या काळा'वाल्या काकांची. पंचायतीत बरोबर यायला पण तयार झालेत.

भट्टीवाला
पोरी, आठवडा झाला. कशी आहेस? सासूबाई?

मलप्रभाकाठची
उशीर झाला, सगळ्यांचं दोनदा वाचलं.

हवेची गादी आली, भाड्याने. नवरा मंगळवार आणि शुक्रवारची रात्र घेतो. पहिल्या रात्री मी पाच तास सलग झोपले आणि घाबरून उठले, काहीतरी विसरलं म्हणून. तो आईच्या पायाला तेल लावत बसला होता. मायलेकरं शेताच्या बांधावरून भांडत होती. तीन वर्षांत त्यांना असं बोलताना बघितलं नव्हतं.

आता माउंट कार्मेल यांचं सांगते. रविवारी प्रार्थनेनंतर सासूबाई नेहमीप्रमाणे म्हणाल्या, 'प्रभू, मला ने.' मी जवळ बसून विचारलं, 'आई, तिकडे गेल्यावर पहिल्यांदा कोणाला भेटणार?' मला वाटलं, मामंजींचं नाव घेतील. गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, 'बेबीला.' कोण बेबी? यांच्या आधी एक मुलगी होती. दीड वर्षाची असताना तापाने गेली, पावसाळ्यात, नाल्याला पूर होता, दवाखान्यापर्यंत पोचता आलं नाही. माझ्या लग्नाला अठरा वर्षं झाली, या घरात हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. यांनीही नाही. त्या म्हणाल्या, 'तिचं नाव ठेवायचं राहिलं होतं. बाप्तिस्म्याची तारीख ठरली होती.'

मग मला विचारलं, 'ती मला ओळखेल का गं?'

मी काय सांगणार? म्हटलं, आई, तुमचा हात ओळखेल. डावा हात चालतो त्यांचा, तो माझ्या हातात होता. बराच वेळ धरून होत्या. मग म्हणाल्या, 'भूक लागली.' रात्री साडेनवाला मी भाकरी दुधात कुस्करून दिली, पाव भाकरी खाल्ली. एवढी कित्येक दिवसांत खाल्ली नव्हती.

'प्रभू, मला ने' काल पण म्हणाल्या. मी आमेन म्हटलं. पहिल्यांदाच. चुकलं का माहीत नाही, पण खोटं वाटलं नाही.

माउंट कार्मेल
या २ नोव्हेंबरला बेबीसाठी एक मेणबत्ती लावते मी. वाटसरू, चालेल ना?

वाटसरू
माझ्याकडून पण एक लावा.

दुसरी पाळी
ताई, व्यक्तिगत निरोप पाठवलाय, बघा. पुढच्या शनिवारी मला सुट्टी आहे, खानापूरला बहिणीकडे येतेय. दुपारी तीन तास मी बसेन सासूबाईंजवळ. तुम्ही कुठंही जा. कामाला नव्हे.

मलप्रभाकाठची
निरोप बघितला. या, जेवायलाच या. सासूबाईंना सांगितलं, शहरातली नर्स येणार. म्हणाल्या, मग आदल्या दिवशी माझे केस धू.

दोन तास झाले, कूस बदलायची वेळ झाली. नंतर येते.